लोह आत येतं, बाहेर जात नाही

थॅलेसेमिया मेजर म्हणजे शरीरात हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार. तो असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यावरच ते जगतं. पण प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोहही आत येतं, आणि शरीरातून रोज बाहेर पडतं ते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. जास्तीचं लोह टाकून देण्याची सोय शरीरात नाहीच.

रक्तातलं लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाची क्षमता संपली, की मोकळं लोह यकृत, हृदय आणि हार्मोन तयार करणाऱ्या ग्रंथींच्या पेशींत शिरतं. पेशी आतून गंजतात म्हणा ना. नुकसान ऑक्सिडेशनमुळेच होत असल्याने ही उपमा फारशी चुकीचीही नाही.

सगळ्यांत नाजूक ठरते ती मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी. वयात येण्याचे आदेश तीच सोडते. ते आदेशच निघाले नाहीत तर मुलीची पाळी सुरू होत नाही, मुलाचा आवाज फुटत नाही, उंची खुंटते. ‘काही मुलं उशिरा वाढतात’ असं म्हणून घरचे वाट पाहत राहतात, आणि या आजारात नेमकं तेच महागात पडतं. मुलीला १३ आणि मुलाला १४ वर्षं पूर्ण होऊनही काहीच खुणा दिसत नसतील तर तपासणी हवी. दिलासा इतकाच, की बीजांडकोश आणि वृषणं बहुतेकदा शाबूत असतात. गप्प असते ती वरची ग्रंथी. म्हणूनच पुढे हार्मोनची इंजेक्शनं घेऊन अनेकांना मूल होऊ शकतं.

थायरॉइड मंदावणं आणि हाडं ठिसूळ होणं हेही पुष्कळ आढळतं. कॅल्शियम सांभाळणारी पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडली तर कॅल्शियम घसरतं, बोटांना मुंग्या येतात, वेळप्रसंगी झटकेही.

लोह उपसणारी औषधं आहेत. डेफेरॉक्सामाइन छोट्या पंपाने रात्रभर त्वचेखाली सोडावं लागतं. डेफेरिप्रोन आणि डेफेरासिरॉक्स तोंडाने घेता येतात. किशोरवयात ही औषधं टाळण्याकडे मुलांचा कल असतो, आणि ग्रंथींना जपण्याचा काळही तोच.

साठलेल्या लोहामुळे होणाऱ्या मधुमेहाची गोष्ट जरा फसवी. नेहमीची एचबीए१सी तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. इथे त्या पेशीच बऱ्याचशा रक्तदात्याच्या! त्यामुळे आकडा भरवशाचा राहत नाही. ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तातली साखर पाहणं, हाच जास्त खात्रीचा मार्ग.