फ्रॅटर्निटीचे घर : अमेरिकी महाविद्यालयांतील एका प्रथेची पार्श्वभूमी

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत उन्हाळा संपून नवे सत्र सुरू झाले की पहिल्या काही आठवड्यांतच ‘रश’ची, म्हणजे नवे सभासद निवडण्याची, धामधूम उडते. नवा विद्यार्थी संध्याकाळी एकेका फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे ग्रीक अक्षरांचे नाव धारण करणाऱ्या मुलांच्या मंडळाच्या, घरी जातो, तिथे जेवतो, गप्पा मारतो. तो निघून गेल्यावर जुने सभासद त्याच्याविषयी मत देतात, आणि तो पसंत पडला तर त्याच्या हाती ‘बिड’, म्हणजे रीतसर आमंत्रण पडते. ते स्वीकारले की तो ‘प्लेज’ होतो, काही आठवडे उमेदवारी करतो, मग गुप्त दीक्षाविधी होऊन सभासद बनतो आणि बहुधा दुसऱ्या वर्षी त्याच घरात राहायला येतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा सोहळा एकसंध आणि फार जुना वाटतो. प्रत्यक्षात त्यातली गुप्तता आणि ग्रीक अक्षरे अठराव्या शतकातली आहेत, घर एकोणिसाव्या शतकात आले, आणि उमेदवारीला आजचे कडक रूप विसाव्या शतकात मिळाले. यांत घर सर्वांत निर्णायक ठरले, असे या इतिहासाकडे पाहिल्यावर म्हणावे लागते.

ग्रीक अक्षरांचे नाव धारण करणारी पहिली विद्यार्थी-संस्था ‘फाय बीटा कॅपा’. ती ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात स्थापन झाली. शपथ, सांकेतिक हस्तांदोलन, ग्रीक बोधवाक्याची आद्याक्षरे ही पुढच्या फ्रॅटर्निटींची सारी लक्षणे तिच्यात होती. मात्र सभासदांचे मुख्य काम वादविवादाचे आणि निबंधवाचनाचे होते. पुढे फ्रीमेसनांसारख्या गुप्त मंडळांविरुद्ध अमेरिकेत लोकमत खवळले, तेव्हा १८३१ मध्ये हार्वर्डच्या शाखेने गुप्तता सोडून दिली, आणि आज ही संस्था केवळ गुणवत्तेचा सन्मान म्हणून ओळखली जाते.

आजच्या अर्थाच्या फ्रॅटर्निटीचा उगम न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात शोधावा लागतो. तिथे १८२५ मध्ये कॅपा अल्फा सोसायटी आणि १८२७ मध्ये सिग्मा फाय व डेल्टा फाय या संस्था निघाल्या. पहाटेची सक्तीची प्रार्थना, लॅटिन-ग्रीकचे पाठांतर आणि प्राध्यापकांची पहारेकऱ्यासारखी नजर अशा दिनक्रमात मुलांना आपल्या पसंतीची माणसे आणि आपला कारभार असलेली एक जागा हवी होती. १८३१ मध्ये सिग्मा फायने हॅमिल्टन कॉलेजात दुसरी शाखा काढली आणि एका महाविद्यालयापुरत्या मंडळाचे राष्ट्रीय संघटनेत रूपांतर होण्याची वाट मोकळी झाली. ओहायोतील मायामी विद्यापीठात १८३९ ते १८५५ या काळात बीटा थीटा पाय, फाय डेल्टा थीटा आणि सिग्मा काय या तीन मोठ्या संघटना जन्मल्या. मुलींच्या संघटना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाल्या. त्यांची वाट पुष्कळशी वेगळी असल्याने त्यांचा विचार इथे केलेला नाही.

या सुरुवातीच्या काळात फ्रॅटर्निटीला घर नव्हते. सभा कुणाच्या तरी खोलीत किंवा गावातल्या दुकानावरच्या भाड्याच्या माडीवर होत. मिशिगनमधील अ‍ॅन आर्बरच्या रानात काय साय या फ्रॅटर्निटीने १८४६ च्या सुमारास बांधलेली लाकडी ओंडक्यांची खोली हे अशा वास्तूचे अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते, पण तिथेही सभाच भरत, कुणी राहत नसे. राहण्याचा प्रश्न पुढे आला तो विद्यापीठांच्याच धोरणामुळे. हेन्री टॅपन १८५२ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. जर्मन विद्यापीठांचा आदर्श मानणाऱ्या टॅपन यांना मुलांना पोसणे-सांभाळणे हे विद्यापीठाचे काम वाटत नव्हते. त्यांनी वसतिगृहे बंद करून त्या जागा वर्गांसाठी घेतल्या. यादवी युद्धानंतर नव्याने वाढणाऱ्या अनेक सरकारी विद्यापीठांकडेही वसतिगृहांसाठी पैसा नव्हता. गावातल्या खाणावळी आणि भाड्याच्या खोल्या यांवर दिवस काढणाऱ्या मुलांनी माजी सभासदांकडून वर्गणी गोळा करून घरे घेतली, आणि विद्यापीठांनीही आपले ओझे परस्पर हलके होते आहे म्हणून तिकडे काणाडोळा केला.

घर आले आणि संस्थेचा स्वभाव बदलला. कर्जाचा हप्ता, कोळसा, आचाऱ्याचा पगार हे सारे सभासदांच्या पैशांवर चालणार असल्याने दरवर्षी ठरावीक खाटा भरणे भाग पडले. मैत्रीसाठी माणसे निवडणे वेगळे आणि खाटा भरण्यासाठी निवडणे वेगळे. रशमधली आजची चढाओढ बरीचशी या हिशेबातून आली आहे. तरीही निवडीचा जुना थाट कायम राहिला. एक लहानशी लाकडी पेटी हातोहात फिरे, प्रत्येक जण आत हात घालून पांढरी गोटी किंवा काळा ठोकळा टाकी, आणि अनेक ठिकाणी एकच काळा ठोकळा निघाला तरी उमेदवार बाद होई.

घरातल्या राहणीची काही वैशिष्ट्ये आजही टिकून आहेत. खोल्या ज्येष्ठतेनुसार वाटल्या जातात, त्यामुळे नव्या सभासदाच्या वाट्याला बहुधा सर्वांत गैरसोयीची जागा येते. इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठासारख्या ठिकाणी काही घरांत ‘कोल्ड डॉर्म’ची पद्धत आहे: कपडे आणि पुस्तके खालच्या खोलीत, आणि झोपायला सगळे जण माळ्यावरच्या एका मोठ्या अंधाऱ्या दालनात, दुमजली खाटांच्या रांगांत, थंडीतही खिडक्या उघड्या ठेवून.

उमेदवारीतल्या छळाला, म्हणजे ‘हेझिंग’ला, आपल्याकडचा वाचक सहज रॅगिंग म्हणेल, आणि सुरुवातीला ते तसेच होते. एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या वर्षाचा वर्ग पहिल्या वर्षाला छळी, फ्रॅटर्निटी असो वा नसो. १८७३ मध्ये मात्र कॉर्नेल विद्यापीठात कॅपा अल्फाच्या दीक्षेच्या रात्री एक नवा विद्यार्थी कड्यावरून दरीत कोसळून मरण पावला. विसाव्या शतकात वर्गावर्गांतली ही झुंज ओसरली आणि छळ फ्रॅटर्निटीच्या उमेदवारीत एकवटला. ज्या घरात आपल्याला घेतले जावे अशी मुलाची इच्छा असते, तिथेच हा छळ होऊ लागला. म्हणूनच त्याची तक्रार क्वचितच बाहेर येते.

१९८४ च्या केंद्रीय कायद्याने मद्यपानाचे किमान वय सर्व राज्यांत २१ वर नेले. बार बंद झालेल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फ्रॅटर्निटीचे घर हाच सोयीचा आडोसा उरला, त्यातच मुलींच्या संघटनांच्या घरांत दारूला बंदी असल्याने मेजवान्यांचा भार मुलांच्या घरांवर पडला. पुढच्या काळातील बहुतेक गाजलेल्या मृत्यूंमागे सक्तीची किंवा बेसुमार दारू आहे.

निवडीच्या अधिकाराची दुसरी बाजू वगळण्याची होती. अनेक राष्ट्रीय संघटनांच्या घटनांत सभासद गोरा आणि ख्रिस्ती असावा अशी कलमे होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत ती दबावाखाली काढली गेली. तोवर वगळलेल्यांनी आपल्या संघटना उभ्या केल्या होत्या. कॉर्नेलमधील सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९०६ मध्ये अल्फा फाय अल्फा स्थापन केली. मार्टिन ल्यूथर किंग पुढे तिचे सभासद झाले. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या भारतीय कुटुंबांची मुले महाविद्यालयात पोहोचली, तेव्हा आयोटा न्यू डेल्टा (बिंगहॅम्टन, १९९४) आणि डेल्टा एप्सिलॉन साय (ऑस्टिन, १९९८) यांसारख्या दक्षिण आशियाई फ्रॅटर्निटी निघाल्या. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांपुढे असलेला पर्याय पुष्कळदा यांचाच असतो. यांपैकी बहुतेकांकडे शतकभराच्या वर्गण्यांतून उभा राहिलेला वाडा नाही. सभा विद्यापीठाच्या वर्गात होतात आणि सभासद भाड्याच्या घरांत राहतात.

विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, बोडन अशा काही खासगी महाविद्यालयांनी १९६० नंतर फ्रॅटर्निटी बंद केल्या आणि मुलांच्या राहण्याची व्यवस्था स्वतःकडे घेतली. मोठ्या विद्यापीठांना ते जमलेले नाही, कारण तिथली घरे पुष्कळदा माजी सभासदांच्या स्वतंत्र मंडळांच्या मालकीची आहेत. शाखेची मान्यता काढली तरी इमारत आणि तिच्यातले भाडेकरू जागेवरच राहतात. डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या केंद्रीय कायद्याने मालकीला हात लावलेला नाही, पण हेझिंगचे दोषी ठरलेल्या संघटनांची नावे आणि प्रकरणांचा तपशील विद्यापीठांनी जाहीर करणे आता बंधनकारक आहे, आणि बिड स्वीकारण्यापूर्वी तो अहवाल कोणत्याही पालकाला वाचता येतो.