कंस रंगवायचे कोणी?

शाळेत ‘कंचेभागुबेव’ घोकताना कंस तीनच प्रकारचे भेटायचे : साधा, महिरपी, चौकटी. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या वाट्याला मात्र एकात एक असे सात-आठ कंस येतात आणि ओळीच्या शेवटी ‘))})’ असं शेपूट लोंबत राहतं. त्यातला कोणता कंस कोणाचा जोडीदार, हे स्क्रीनवर बोट ठेवून मोजणारी माणसं मी पाहिली आहेत. मीही त्यातलाच. यावरची साधी युक्ती म्हणजे आतल्या प्रत्येक थराच्या जोडीला वेगळा रंग द्यायचा.

मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हीएस कोड’ या एडिटरमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ही सोय आधी नव्हती. बाहेरच्या एका हौशी प्रोग्रामरने ती एक्स्टेंशन म्हणून, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम म्हणून, लिहिली आणि लाखो लोकांनी ती घेतली. एवढे लोक वापरतात, तर मूळ सॉफ्टवेअरमध्येच घालून टाका की, असं कोणीही म्हणेल. पण नुसती लोकप्रियता हा कच्चा निकष आहे. मी आधी विचारीन, या कामाला लागणारी माहिती कोणाजवळ आहे?

ही ओळ पाहा : print("हसून दाखव :)"). यात बंद कंस दोन आहेत, पण पहिला नुसता हसरा चेहरा आहे, तो मोजायचा नाही. एडिटरला हे आधीच ठाऊक असतं, कारण अवतरणातला मजकूर वेगळ्या रंगात दाखवण्यासाठी त्याने ती ओळ वाचलेलीच असते. एक्स्टेंशनला ते कळत नाही. एखादं एक्स्टेंशन बिघडलं तरी टायपिंग अडू नये, म्हणून व्हीएस कोड सगळी एक्स्टेंशनं एका वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे एडिटरपासून स्वतंत्र, चालवतो. व्यवस्था शहाणपणाची आहे, पण त्या भिंतीपलीकडे एडिटरचं हे ज्ञान पोचत नाही. मग एक्स्टेंशनने तीच फाइल पुन्हा स्वतः वाचायची. टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या ४२,००० हून जास्त ओळींच्या एका फाइलमध्ये रंग बदलायला त्याला १० सेकंदांवर वेळ लागे, आणि तेवढा वेळ त्याच प्रोसेसमधली बाकीची एक्स्टेंशनंही ताटकळत.

फाइलच्या सुरुवातीला एक ‘{’ टाकला की खालच्या सगळ्या कंसांचा थर बदलतो, खरी अडचण ही. २०२१ मध्ये व्हीएस कोडच्या टीमने हे काम गाभ्यात, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्ये, घेतलं तेव्हा कंसांची यादी न ठेवता झाड केलं, प्रत्येक फांदीला दोन किंवा तीन फाटे. दोन-दोन फाट्यांनी गेलं तरी ४२,००० गोष्टींतून हवी ती १६ पायऱ्यांत सापडते. शिवाय झाडात कंसाची जागा फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेली नसते, प्रत्येक तुकड्याची फक्त लांबी लिहिलेली असते. रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांवर ‘मुंबई इतके किलोमीटर’ असं कोरलं असेल, तर मध्ये एक वळण वाढलं की पुढचे सगळे दगड बदलावे लागतात. ‘मागच्या दगडापासून इतकं’ असं असेल, तर एकच बदलतो. टीमच्या सांगण्यानुसार वेग १०,००० पटींनी वाढला. भिंतीबाहेरून हे जमलं नसतं.

तरीही १.६० या आवृत्तीत ही सोय आली ती बंद अवस्थेत, हवी त्याने सेटिंगमधून चालू करायची. ती आपोआप चालू मिळायला लागली १.६७ पासून, म्हणजे एप्रिल २०२२ च्या आवृत्तीपासून. यंत्रणा गाभ्यात, आवड सेटिंगमध्ये. मला ही वाटणी पटते, पण सेटिंगही फुकट नसतं. चालू-बंदची १० बटणं म्हणजे १,०२४ वेगवेगळ्या अवस्था, आणि त्यातल्या कुठल्याही एकीत काहीतरी मोडू शकतं. म्हणूनच वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर असलेल्या वर्डप्रेसवाले म्हणतात की गाभ्यात तेच यावं, जे ८० टक्के किंवा त्याहून जास्त वापरणाऱ्यांना खरंच उपयोगी पडेल. बाकीच्यांसाठी प्लगइन, म्हणजे त्यांच्याकडची एक्स्टेंशनं, आहेत.

गाभ्यातून बाहेर काढलेल्याचं काय होतं, ते फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये दिसलं. टॅबचे गट करायची सोय २०११ च्या फायरफॉक्स ४ मध्ये आली. वापरणारे फार थोडे, म्हणून २०१६ मध्ये आवृत्ती ४५ मधून ती काढली. ज्यांना हवी ते ॲड-ऑनकडे, म्हणजे फायरफॉक्सच्या एक्स्टेंशनांकडे, वळले. पुढच्याच वर्षी आवृत्ती ५७ ने जुन्या पद्धतीची ॲड-ऑनच बंद केली आणि त्यांची दुसऱ्यांदा पंचाईत झाली. एप्रिल २०२५ मध्ये, आवृत्ती १३८ बरोबर, टॅबचे गट पुन्हा गाभ्यात आले.

कंसांच्या त्या मूळ एक्स्टेंशनच्या पानावर आता सूचना आहे, की ही सोय व्हीएस कोडमध्येच आली असल्याने याची देखभाल थांबवली आहे.