बेदाण्याची धुरी आणि डीएनएवरचं टिंब

तासगावकडं फेब्रुवारी-मार्चात बेदाण्याचा हंगाम असतो. शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्षं सुकतात, आणि पिवळा बेदाणा हवा असेल तर गंधकाची धुरी देतात. नाकात झोंबणारा तो वायू म्हणजे सल्फर डायऑक्साइड. शेडच्या दारात मी शिंकत उभा होतो, तेव्हा तात्यांनी विचारलं, "तुमच्या लॅबमध्ये असला वास नसंल न्हवं?"

म्हटलं, "असतो की! आमचं निम्मं काम त्याच्याच भावकीतल्या रसायनावर चालतंय."

हा वायू कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात पुरेसा मुरवला की सोडियम बायसल्फाइट मिळतं. डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणा शोधायला आम्ही तेच वापरतो.

डीएनएची अक्षरं चार: ए, सी, जी, टी. यातल्या 'सी'वर कधी कधी एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा चिमुकला मिथाइल गट चिकटतो. अक्षर तेच राहतं, पण जनुकाच्या तोंडाशी अशा खुणा दाटल्या की ते जनुक सहसा गप्प होतं. माणसात 'सी'पाठोपाठ 'जी' येणाऱ्या जागा सुमारे २ कोटी ८० लाख आहेत आणि त्यांतल्या ७० ते ८० टक्के जागांवर ही खूण असते.

शोधायला अडचण एकच, पण मोठी. सातबाऱ्यावर पेन्सिलीनं दिलेलं फिकट टिंब झेरॉक्समध्ये उमटत नाही, तसंच इथं होतं. नमुन्यातला डीएनए थोडा, म्हणून पीसीआरनं त्याच्या कोट्यवधी प्रती काढाव्या लागतात; पण प्रत काढणारं एन्झाइम साधा 'सी'च बसवतं आणि टिंब गळतं. म्हणजे जे काही करायचं ते झेरॉक्सच्या आधी.

जुनी युक्ती कात्रीची. एमएसपी-वन आणि एचपीए-टू ही दोन एन्झाइमं 'सीसीजीजी' दिसलं की डीएनए कापतात. मात्र आतल्या 'सी'वर खूण असली की दुसरं अडतं, पहिलं कापतच राहतं. दोघांचे तुकडे शेजारी ठेवून पाहिले की कळतं. पण ज्या जागी ही चार अक्षरं नाहीत, तिथं कात्री मुकी.

बायसल्फाइट 'सी'चा यू, म्हणजे युरॅसिल हे एरवी आरएनएत असणारं अक्षर, करतं, हे १९७० मध्ये टोकियो आणि न्यूयॉर्कमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. खूण वाचायला त्याचा नेमका उपयोग ऑस्ट्रेलियात मारियान फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये केला. डीएनएचे दोन धागे सुटे करून आम्लधर्मी बायसल्फाइटमध्ये तासन्‌तास गरम ठेवायचे. उघड्या 'सी'चा यू होतो, आणि पीसीआरमध्ये यू हा 'टी' म्हणून उतरतो. खूण असलेला 'सी' मात्र जवळजवळ तसाच राहतो. समजा ए-सी-जी-टी-सी-ए यात पहिल्या 'सी'वर खूण आहे. मग वाचताना ए-सी-जी-टी-टी-ए मिळेल. एकाच जागेच्या १०० प्रतींपैकी ८० मध्ये 'सी' उरला, तर मिथिलेशन, म्हणजे खुणेचं प्रमाण, ८० टक्के. अदृश्य टिंबाचं अक्षरातल्या फरकात रूपांतर. माझ्या मते याहून सुंदर चलाखी या क्षेत्रात नाही.

किंमतही मोजावी लागते. डीएनएचे तुकडे तुकडे होतात. आणि साधा 'सी' बदलायचा राहिला, तर तो खुणेचा म्हणून मोजला जातो. म्हणून नमुन्यात एका विषाणूचा, अजिबात खूण नसलेला, लॅम्डा डीएनए मिसळायचा: त्यात 'सी' दिसले तर आपलंच काम कच्चं. आता हेच काम एन्झाइमांकडून हळुवारपणे करून घेता येतं. नॅनोपोअर या डीएनए वाचायच्या नव्या पद्धतीत तर प्रत काढायचीच नाही. धागा सूक्ष्म छिद्रातून सरकताना विजेचा प्रवाह बदलतो, आणि त्यावरून टिंब थेट कळतं.

तात्या सगळं ऐकून म्हणाले, "मग आमचा बेदाणा खाऊन माणसाची अक्षरं बदलायची!" नाही. लॅबमध्ये जवळजवळ संपृक्त द्रावण, सुटे धागे आणि बराच वेळ उष्णता लागते. बेदाण्यात उरलेलं थोडं सल्फाइट पोटात गेलं, तर शरीरातलं एक एन्झाइम त्याचं निरुपद्रवी सल्फेट करतं. दम्याच्या काही रुग्णांना मात्र सल्फाइटचा त्रास होतो, तेव्हा धुरीच्या वेळी तात्यांनी दारात थांबू नये, हे मी तेवढं सांगून टाकलं.