एसएसडी अधूनमधून गायब होणे

डेस्कटॉप संगणकाला जोडलेली सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, नीट चालत असताना अचानक दिसेनाशी होणे आणि काही वेळाने, बहुधा संगणक बंद करून चालू केल्यावर, पुन्हा दिसू लागणे, असा हा दोष आहे. एसएसडीवर फक्त फायली असतील तर ‘डी ड्राइव्ह’ नाहीशी होते आणि उघडलेली फाइल सेव्ह होत नाही. विंडोज त्याच एसएसडीवर असेल तर माउस हलतो पण काही उघडत नाही, मग पडदा निळा पडतो आणि पुढच्या वेळी ‘बूट डिव्हाइस नाही’ असा संदेश येतो. जुनी हार्डडिस्क मरण्याआधी खटखट आवाज करून सावध करत असे. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने ती गप्प असते. म्हणून मधूनमधून गायब होणे हीच तिची सूचना समजावी आणि पहिल्याच वेळी मनावर घ्यावी.

गोव्यात डेस्कटॉप अजून भरपूर वापरात आहेत: म्हापसा, फोंडा, मडगाव इथली डीटीपीची दुकाने, देवस्थानांचे हिशेब, भजनी मंडळांची आणि नाट्यसंस्थांची ध्वनिमुद्रणे, शाळांची कार्यालये. यांतल्या कित्येक ठिकाणी सगळे काम एकाच एसएसडीवर असते आणि दुसरी प्रत कुठेच नसते. त्यामुळे कारण शोधण्याआधीचे काम एकच. एसएसडी दिसत आहे तोवर महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, सर्वांत मोलाच्या आधी. चित्रपट आणि सॉफ्टवेअरची सेटअप राहिली तरी चालेल. या टप्प्यावर फॉरमॅट मारू नये, ‘डिस्क इनिशियलाइज करायची का’ असे विंडोजने विचारले तर नाही म्हणावे, आणि ड्राइव्ह दुरुस्त करू पाहणारे चेकडिस्कही चालवू नये, कारण ते मधेच अडकलेल्या ड्राइव्हवर लिहू लागते. फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकणे हा आपल्याकडचा सर्वांत आवडता उपाय आहे. या दोषात त्याचा उपयोग क्वचित होतो आणि नुकसान हमखास होते. फॉरमॅट करताना विंडोज ट्रिमची, म्हणजे जुना मजकूर खरोखर पुसून जागा मोकळी करण्याची, आज्ञा देते, आणि त्यानंतर एसएसडीवरचा जुना मजकूर परत मिळण्याची आशा जवळजवळ संपते.

कुठून गायब होते?

‘ड्राइव्ह दिसत नाही’ या तक्रारीचे तीन वेगळे अर्थ असतात आणि निदानाची अर्धी वाट इथेच ठरते. पहिल्यात ती ‘धिस पीसी’मध्ये नसते, पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये असते. तेव्हा फक्त तिचे अक्षर गेलेले असते किंवा फाइल सिस्टिम बिघडलेली असते. दुसऱ्यात ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या आज्ञावलीत, दिसते, पण विंडोजमध्ये काही वेळाने नाहीशी होते. तेव्हा वीज वाचवणारी सेटिंग्ज, ड्रायव्हर, उष्णता आणि फर्मवेअर (एसएसडीच्या आतली कंपनीची आज्ञावली) यांच्यावर संशय घ्यावा. तिसऱ्यात ती बायोसमध्येही नसते. मग विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. केबल, वीजपुरवठा, मदरबोर्डचा स्लॉट किंवा खुद्द एसएसडी यांपैकी काहीतरी बिघडलेले असते.

गायब झालेली ड्राइव्ह रीस्टार्ट केल्यावर येते की संगणक पूर्ण बंद केल्यावरच येते, हेही नोंदवून ठेवावे. रीस्टार्टमध्ये एसएसडीला मिळणारी वीज सहसा तुटत नाही. आतला कंट्रोलर, म्हणजे एसएसडीचा कारभार पाहणारी चिप, गोठला असेल तर तो गोठलेलाच राहतो. पूर्ण बंद करून, मागचे बटण पाडून, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज निघून गेली की तो नव्याने जागा होतो. रीस्टार्टने न येणारी आणि असे केल्यावर हटकून येणारी ड्राइव्ह असेल, तर गोठण्याचा प्रकार आहे असे धरून चालता येते. कॅबिनेटला हात लागला, टेबल हलले की ती येत-जात असेल, तर ते लूज कॉन्टॅक्टचे लक्षण आहे.

जोडणी आणि खारी हवा

केबलने जोडल्या जाणाऱ्या अडीच इंची साटा एसएसडीला दोन जोडण्या असतात: माहितीसाठी ७ पिनांची आणि विजेसाठी १५ पिनांची. दोन्हींचा आकार इंग्रजी एल अक्षरासारखा असल्यामुळे त्या उलट्या बसत नाहीत, पण अर्धवट मात्र बसतात. स्वस्त केबलींना धातूची क्लिप नसते. कॅबिनेटचे झाकण लावताना केबल दबली की तिचे टोक जरासे तिरके होते, संपर्क जेमतेम टिकतो, आणि आतला पंखा फिरू लागला की त्या कंपनाने तुटतो. झाकण काढून तासन्‌तास तपासले तर सगळे ठीक, झाकण लावून घरी नेले की पुन्हा तेच, याचे कारण बहुतेकदा हे असते.

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते आणि किनाऱ्याजवळ तिच्यात मीठ मिसळलेले असते. संपर्कांवर सोन्याचा मुलामा असतो, पण तो अतिशय पातळ. स्वस्त केबलीत तो नावापुरता असतो. खाली उघडा पडलेला धातू गंजतो आणि वर ओलसर धूळ चिकटते. चतुर्थीआधी बॅनर छापण्याच्या घाईत दिवसरात्र चालणारा, रस्त्याकडेच्या दुकानातला संगणक उघडून पाहिला तर एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज देणाऱ्या डब्याच्या, जाळीवर राखाडी, चिकट थर असतो आणि साटा केबलच्या टोकाशी बारीक हिरवट ठिपके दिसतात. ती केबल साफ करत बसू नये, बदलावी. ती स्वस्त असते. एसएसडीच्या स्वतःच्या संपर्कांना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलके पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. रॅमसारखे खोडरबराने घासण्याची सवय सोडावी, कारण रबर मळाबरोबर मुलामाही खरवडते.

केबलच दोषी होती की नाही, हे ड्राइव्ह स्वतः सांगते. स्मार्ट या स्वयंनोंदीत १९९ क्रमांकाचा ‘सीआरसी त्रुटी’ हा आकडा वाटेत बिघडलेल्या माहितीचा असतो. तो वाढतो, कधी कमी होत नाही. म्हणून मोठा आकडा पाहून घाबरू नये. आज लिहून ठेवावा, केबल बदलावी, आठवडाभराने पुन्हा पाहावा. आकडा तिथेच थांबला असेल तर केबलच दोषी होती. वाढतच असेल तर मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट वापरून पाहावा.

वीज

साटा एसएसडी ५ व्होल्टवर चालते आणि थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारी एम.२ प्रकारची ३.३ व्होल्टवर. एटीएक्स मानकाप्रमाणे दोन्हींत ५ टक्के इतकाच फरक चालतो, म्हणजे ५ व्होल्टची तार ४.७५ च्या खाली जाता कामा नये. जुना एसएमपीएस भार नसताना बरोबर व्होल्ट दाखवतो आणि ग्राफिक्स कार्डाने, हार्डडिस्कने एकदम ओढ घेतली की क्षणभर खाली येतो. साधा मल्टिमीटर तो क्षण पकडत नाही. त्यामुळे खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हीच खरी परीक्षा. एकाच तारेवर चार-पाच ड्राइव्ह आणि मोलेक्स या जुन्या प्लगवरून साटा करणारा जोड असेल, तर तो जोड आधी काढावा. प्लास्टिक ओतून बनवलेले असे जोड आतून शॉर्ट होऊन जळाल्याचे प्रकार सर्वज्ञात आहेत.

करंट जाण्या-येण्याचा भाग याहून महत्त्वाचा आहे. वादळी पावसात फांदी तारेवर पडते, करंट जातो, दोन मिनिटांनी येतो, पुन्हा जातो. एसएमपीएस वीज तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर त्याहून जास्त वेळ घेतो आणि संगणक बंद पडतो. कोणती माहिती कुठल्या चिपमध्ये ठेवली आहे याचा नकाशा एसएसडीचा कंट्रोलर सतत बदलत असतो. बदल अर्धवट असताना वीज गेली तर पुढच्या वेळी त्याला तो नकाशा नव्याने जुळवावा लागतो, आणि तोवर ती बायोसला उत्तर देत नाही. सर्व्हरसाठीच्या एसएसडीत हा क्षण निभावण्यासाठी कपॅसिटर असतात, घरगुती एसएसडीत बहुधा नसतात. म्हणूनच अशी ड्राइव्ह गायब झाल्यावर तिची माहितीची केबल काढून, फक्त वीज देऊन, अर्धा तास तशीच ठेवण्याचा उपाय कधीकधी लागू पडतो: त्या वेळात तिचे आतले काम पुरे होते. एम.२ असेल तर संगणक बायोसच्या पडद्यावर उभा ठेवावा. एनव्हीएमई ड्राइव्हच्या, म्हणजे साटापेक्षा वेगवान, बहुधा एम.२ ड्राइव्हच्या, नोंदीत ‘असुरक्षित बंद’ असा आकडा असतो. तो शेकड्यात असेल तर नवी एसएसडी घेण्याआधी यूपीएस घ्यावा, नाहीतर नवीचीही तीच गत होईल.

एम.२ स्लॉट

नेहमीची एम.२ पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते, एका टोकाला स्लॉट आणि दुसऱ्याला एकच छोटा स्क्रू. तो स्क्रू हरवला म्हणून पट्टी टेपने दाबलेली पाहायला मिळते. एप्रिल-मेच्या उकाड्यात टेपचा गोंद सैल होतो आणि पट्टी उचलली जाते. ग्राफिक्स कार्डाखालचा स्लॉट सर्वांत तापतो. तापलेली एसएसडी आधी वेग कमी करते, तरी भागले नाही तर काम सोडते. काही मदरबोर्डांवर एम.२ भरली की ठरावीक साटा पोर्ट बंद होतात. नवी ड्राइव्ह लावल्यावर जुनी गायब झाली असेल तर मॅन्युअलमधला तो तक्ता पाहावा.

विश्रांतीचे दुखणे

संगणक रिकामा असताना गायब होणारी आणि काम चालू असताना कधीच न होणारी ड्राइव्ह हा वेगळा प्रकार आहे. वीज वाचवण्यासाठी एसएसडी आणि तिची जोडणी झोपी जातात. काही कंट्रोलर त्या झोपेतून नीट उठत नाहीत. लिनक्स या कार्यप्रणालीच्या ४.११ कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, २०१७ साली, एनव्हीएमई ड्राइव्हला आपोआप खोल विश्रांतीत जाऊ देण्याची सोय आली आणि काही ड्राइव्ह त्यातून परत येईनात. कर्नलला सुरू होतानाच पर्याय देऊन खोल विश्रांती बंद करणे हा तिथला उपाय. विंडोजमध्ये पॉवर प्लॅनमधले ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करावे आणि डिस्क थांबवण्याची वेळ शून्य करावी. डेस्कटॉपवर त्याने विजेच्या बिलात काही जाणवण्याजोगा फरक पडत नाही, तेव्हा ते कायम तसेच ठेवायलाही हरकत नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये या सगळ्याच्या खुणा सापडतात. १२९ म्हणजे ड्राइव्हने वेळेत उत्तर दिले नाही म्हणून तिला रीसेट केले. १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. १५७ म्हणजे डिस्क अचानक निघून गेली. नोंदीची वेळ घड्याळाशी ताडून पाहावी: करंट गेला तेव्हा, बॅकअप सुरू झाला तेव्हा, की दुपारी दुकान बंद असताना? मात्र विंडोज त्याच ड्राइव्हवर असेल तर ती गेल्यावर नोंद लिहायला जागाच उरत नाही. नोंदी कोऱ्या असणे हाही मग पुरावाच.

फर्मवेअर

कधी कारण कंपनीच्याच आज्ञावलीत असते. क्रुशियलच्या एम४ या एसएसडी एकूण ५,१८४ तास चालल्या की गोठत. बंद करून चालू केल्यावर येत आणि तासाभराने पुन्हा गोठत. जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या ०३०९ क्रमांकाच्या फर्मवेअरने ते थांबले. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने काही सर्व्हर एसएसडींबाबत इशारा दिला की ३२,७६८ तास भरताच त्या कायमच्या बंद पडतील. तासांची मोजणी जिथे साठवली जाते तिथली मर्यादा तेवढीच होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० यांच्या २ टीबी ड्राइव्ह निळा पडदा दाखवू लागल्या. स्वतःची रॅम नसलेल्या या ड्राइव्ह संगणकाच्या रॅमचा तुकडा वापरतात आणि नव्या आवृत्तीने त्यांना आधीपेक्षा मोठा तुकडा देऊ केला होता. त्यावरही कंपनीने नवे फर्मवेअर दिले. तेव्हा मॉडेल आणि फर्मवेअरचा क्रमांक पाहून कंपनीच्या संकेतस्थळावर शोध घेणे हे पहिल्याच दिवशी करण्याचे काम आहे. फर्मवेअर चढवताना करंट गेला तर ड्राइव्ह कायमची जाऊ शकते. यूपीएसशिवाय ते करू नये, आणि बॅकअप झाल्याशिवाय तर मुळीच नाही.

ड्राइव्ह की संगणक?

शेवटचा निवाडा अदलाबदलीनेच होतो. संशयित एसएसडी दुसऱ्या संगणकात आणि खात्रीची एसएसडी पहिल्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत तारखेसह लिहावी. अधूनमधून येणाऱ्या दोषात दोन दिवस काही झाले नाही म्हणजे बरे झाले असे होत नाही. आधी आठवड्यातून एकदा गायब होत असेल तर निदान तीन-चार आठवडे वाट पाहावी. विंडोज ११ मध्ये पुष्कळदा बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हवरचा मजकूर कुलूपबंद करणारी सोय, आपोआप चालू असते. ड्राइव्ह हलवण्याआधी किंवा बायोस बदलण्याआधी त्याची रिकव्हरी की हाताशी असावी.

बायोसमध्ये ड्राइव्हचे नाव बदललेले दिसले, उदाहरणार्थ फायसन कंट्रोलरच्या काही स्वस्त एसएसडी ‘साटाफर्म एस११’ असे नाव सांगू लागतात, किंवा क्षमता शून्य वा काही एमबी दिसली, तर कंट्रोलरला आतली माहिती वाचता येत नाही. तिथे घरगुती उपाय थांबवावेत. मजकूर मोलाचा असेल तर ड्राइव्ह पुन्हापुन्हा चालू न करता डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे द्यावी. मजकुराची प्रत असेल आणि वॉरंटी शिल्लक असेल तर बदलून मिळते, पण परत पाठवलेली ड्राइव्ह पुन्हा हाती येत नाही, आणि जी दिसतच नाही ती पुसूनही देता येत नाही. देवस्थानाचे हिशेब किंवा विद्यार्थ्यांची कागदपत्रे एन्क्रिप्शनशिवाय तिच्यावर असतील, तर ती परत पाठवायची की वॉरंटी सोडून द्यायची, हे त्या संस्थेच्या समितीने ठरवावे, दुरुस्ती करणाऱ्याने नव्हे.