परिचारिका एका रुग्णालयात का टिकते?

ड्युटी संपून तास होत आला तरी सिस्टर वॉर्डातच असते. कोणाचा ताप उतरलेला नाही, कोणाची सलाईन संपत आली आहे, हे पुढच्या पाळीला नीट सांगितल्याशिवाय तिचा पाय निघत नाही. ही माया रुग्णांवरची. ती रुग्णालयावरही तितकीच असणार, असे मात्र फार काळ धरून चालले.

१८६०मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा निघाली. राहणे तिथेच, डोक्यावर मेट्रनची शिस्त. या कामाला प्रतिष्ठा मिळाली ती अशाच शाळांमुळे, पण निष्ठा हा परिचारिकेचा स्वभावच मानला जाऊ लागला. रुग्णालयाने त्यासाठी काय करावे, हा प्रश्न मागेच राहिला.

तो पुढे आला अमेरिकेत. १९८०च्या सुमारास तिथे परिचारिका मिळेनात. काही रुग्णालयांत मात्र त्या टिकून होत्या. अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने अशी ४१ रुग्णालये निवडली आणि ‘त्या का जातात’ऐवजी ‘त्या का राहतात’ हे विचारले. १९८३च्या अहवालात या रुग्णालयांना ‘मॅग्नेट’, म्हणजे लोहचुंबक, म्हटले गेले. पगार होताच, पण त्यासोबत रुग्णाबाबत निर्णय घेण्याची मुभा, डॉक्टरांकडून मिळणारा मान, पाळ्या लावताना बघितली जाणारी अडचण, शिकण्याची संधी आणि व्यवस्थापनात नर्सिंग प्रमुखाच्या शब्दाला वजन, हेही होते. मला यातली मुभा सर्वांत मोलाची वाटते.

१९९१मध्ये जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या मानसशास्त्रज्ञांनी संस्थेवरच्या निष्ठेचे तीन धागे वेगळे केले: मनापासूनची ओढ, सोडल्यास होणारे नुकसान आणि राहायला हवे ही कर्तव्यभावना. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. नुकसानीच्या भीतीने थांबलेली सिस्टरही हजेरीपटावर निष्ठावानच ठरते! दोन वर्षांनी परिचारिकांच्याच अभ्यासातून दिसले, की व्यवसायाशी बांधिलकी आणि संस्थेशी बांधिलकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग आकडे आले. पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या माहितीवरून नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये दाखवले, की एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की ती कामाने पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते आणि नोकरीबद्दल नाराज होण्याची १५ टक्क्यांनी. एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत, याची कायदेशीर मर्यादा कॅलिफोर्नियात २००४पासून लागू झाली.