एका काउंटीतले वर्षभराचे खून कसे मोजतात?

शिकागो पोलिसांनी २०२१ सालाअखेर शहरात ७९७ खून झाल्याचं जाहीर केलं. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे, तिथल्या मेडिकल एक्झामिनर (संशयास्पद मृत्यूंचं कारण तपासणारा सरकारी डॉक्टर) कार्यालयाने त्याच वर्षी नुसत्या बंदुकीने झालेल्या हत्या मोजल्या. त्या भरल्या १,००२. दोन्ही आकडे खरे आहेत.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. कुक काउंटीची लोकसंख्या सुमारे ५२ लाख, त्यातले २७ लाख शिकागोत राहतात. उपनगरांतल्या हत्या शहर पोलिसांच्या हिशोबात धरल्याच जात नाहीत. शहरातून जाणाऱ्या एक्स्प्रेसवेवर कुणाला गोळी लागली, तर तपास राज्य पोलिसांकडे जातो आणि तो मृत्यूही शहराच्या आकड्यातून निसटतो.

शिवाय पोलीस गुन्हे मोजतात आणि मेडिकल एक्झामिनर मृत्यू. गोळीने मेलेल्या माणसाचा आधी एक्स-रे काढतात, कारण आत शिरलेली गोळी भलतीकडेच जाऊन अडकलेली असू शकते. मग जखमेची कड बघतात. बंदूक अगदी जवळ असेल तर काजळी सापडते. थोडी लांब असेल तर बंदुकीच्या दारूचे कण कातडीत रुतून बारीक ठिपके उठतात, ते पुसले तरी जात नाहीत. शेवटी मृत्यूच्या दाखल्यावर पाचांपैकी एक नोंद होते: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, दुसऱ्याच्या हातून, किंवा अनिश्चित. दोषी कोण, हे तिथे ठरत नाही. पोलिसाने स्वसंरक्षणासाठी झाडलेल्या गोळीने कुणी मेलं, तरी नोंद ‘दुसऱ्याच्या हातून’ अशीच. आपल्याकडे एनसीआरबीचे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे, आकडे पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांवरून तयार होतात आणि सदोष मनुष्यवध खुनापासून वेगळा दाखवला जातो. म्हणून कुक काउंटीचा हा वैद्यकीय आकडा नागपूर किंवा पुण्याच्या पोलिसी आकड्याशेजारी ठेवून तुलना करणं चुकीचंच.

वर्षाची सीमाही वाटते तितकी पक्की नसते. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांना रेगन यांच्यावर झालेल्या १९८१ च्या हल्ल्यात डोक्यात गोळी लागली. ते गेले २०१४ मध्ये, व्हर्जिनियात. तिथल्या मेडिकल एक्झामिनरने त्या जुन्या जखमेमुळे मृत्यू झाल्याचं ठरवलं आणि ती हत्या धरली गेली, गोळी झाडल्यावर ३३ वर्षांनी.

मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हॉस्पिटल. गोळी तीच, जखम तीच, पण रक्तस्राव वेळेत थांबला तर हत्येचा आकडा एकाने कमी होतो. कुक काउंटी हॉस्पिटलात १९६६ मध्येच ट्रॉमा युनिट (गंभीर जखमींवर तातडीने उपचार करणारा विभाग) सुरू झालं होतं. तरीही शिकागोच्या दक्षिण भागात, जिथे गोळीबार सर्वाधिक होतो त्यांपैकी काही वस्त्यांजवळ, प्रौढांसाठी असं केंद्र अनेक वर्षं नव्हतं. रहिवाशांनी, त्यातही तरुणांनी, आंदोलनं केली. शिकागो विद्यापीठाच्या हॉस्पिटलात ते २०१८ मध्ये उघडलं. त्यामुळे हत्या किती झाल्या एवढंच विचारून भागत नाही, गोळ्या किती जणांना लागल्या तेही बघायला हवं.

बंदुकीने झालेल्या त्या १,००२ हत्यांची सरासरी काढली तर लाखामागे १९ येतात. पण बळी पडलेले बहुसंख्य कृष्णवर्णीय पुरुष होते आणि हिंसेचा मोठा भार शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या मोजक्या वस्त्यांवर होता. तिथल्या विशीतल्या मुलाचा धोका या १९ च्या कितीतरी पट आहे, तर काउंटीच्या सधन उपनगरात तो फारच कमी.