लाल मुनिया की वॅक्सबिल? चोच नको, कंबर बघा

स्पेन-पोर्तुगालमधे राहणारी आपली मंडळी कधीकधी बोरूवर बसलेल्या चिमुकल्या पक्ष्याचा फोटो टाकतात आणि खाली लिहितात, अरे इकडे पण लाल मुनिया! आता असू शकते, कारण पिंजऱ्यातून सुटलेल्या मुनिया तिकडे ग्वादियाना नदीकाठी, बादाखोसच्या भातशेतीकडे चांगल्या रुळल्यात. पण त्याच भागात आफ्रिकेतला कॉमन वॅक्सबिल पण आहे, तोही पाळीव पक्षी म्हणून आला आणि 1960 च्या दशकापासून पोर्तुगालातून पसरत गेला. दोघंही साधारण 10 सेंमी, दोघांची चोच लाल, दोघंही थव्याने गवताचं बी खाणारे.

विणीचा नर मुनिया असेल तर प्रश्नच नाही, गुंजेसारखा लाल आणि अंगभर पांढरे ठिपके. घोळ होतो तो मादी आणि विण संपलेल्या नराचा, कारण या नराचा लाल रंग उतरतो आणि तो मादीसारखाच मातकट दिसायला लागतो (त्याच्या कुळात असं क्वचितच होतं). तिकडे पण यांची विण उन्हाळा सरताना सुरू होऊन शरदात चालते, म्हणजे वसंतात गेलात तर सगळे मातकटच भेटणार.

अशा वेळी शेपटीच्या मुळाशी बघा. मातकट मुनियाची पण कंबर लालच असते, शेपटी काळपट आणि पंखांवर बारीक पांढरे टिपके. वॅक्सबिलची कंबर तपकिरी, शेपटी लांबट तपकिरी, अंगावर पाटीवर रेघा ओढाव्यात तशा बारीक आडव्या रेषा आणि डोळ्यावरून आरपार लाल पट्टा. मुनियाला तिथे फक्त चोच आणि डोळ्याच्या मधे काळसर डाग असतो, लाल काही नाही. शेपटीखाली वॅक्सबिल काळा, मुनियाची मादी फिकट.

चोचीवर मात्र जाऊ नका, मुनियाची चोच ऋतूप्रमाणे लाल-काळपट होत राहते आणि पिल्लांची तर दोन्हीकडे काळीच. पिल्लांना कंबरेचा पण उपयोग नाही, मुनियाच्या पिल्लाला ती लाल नसते, त्याच्या पंखावर दोन फिकट पट्टे दिसतात ते शोधा, वॅक्सबिलच्या पिल्लाला डोळ्यावरचा पट्टा पुसट का होईना असतोच.

मुनियाचं शास्त्रीय नाव अमांडावा, अहमदाबादवरून पडलेलं, कारण एकेकाळी हे पक्षी तिथून पिंजऱ्यातून परदेशी जायचे. आज आपल्याकडे ती पकडणं-विकणं गुन्हा आहे, तरी कोणी पिंजऱ्यात विकताना दिसलं की मला फार त्रास होतो, लगेच वनखात्याला कळवा.